खाली किती थंड राह्यते

भर जानेवारीत बर्फ विकत घेणारा एकच माणूस अख्ख्या वर्ध्यात होता आणि तो माझा घरमालक होता. बोरगाव मेघ्यात त्यांचं घर. वर माझी खोली, खाली ते आणि काकू. सकाळी मी गच्चीत दात घासत उभा राहायचो, तर खाली अंगणात काका लोखंडी बादलीसमोर गुडघ्यांवर बसलेले असायचे. बादलीत पाणी, पाण्यात बर्फाची ढेकळं आणि त्यात काकांचं डोकं, पार मानेपर्यंत. मी ब्रश तोंडात धरून बघत राहायचो, की हा माणूस आता वर येतो का गेला. मग ते वर यायचे. नाकाचा शेंडा लालभडक, मिशीतून पाणी गळतंय. माझ्याकडं बघून म्हणायचे, "काय पाहून राह्यला बे? चहा घ्यायले ये." पहिल्याच आठवड्यात मी ठरवलं की खोली बदलायची. ठरवलं आणि पुढं कितीतरी वर्षं तिथंच राहिलो.

काका हे असं का करायचे, ते मला बरंच उशिरा कळलं. पण मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. गोष्ट सांगताना हातचं राखून ठेवणारे लोक मला आवडत नाहीत.

काकांना एक मुलगी होती. तीन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि ती गेली. आमच्याकडं एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिरडी नाही, काही नाही. बाप हातांवर घेऊन जातो, गावाबाहेर नाल्याकाठी खड्डा करतो, वर दगड ठेवतो, दगडांवर बाभळीच्या काट्या. मग मागं न बघता घरी यायचं. त्या जागेकडं परत फिरकायचं नाही, जागेवर खूण ठेवायची नाही, लेकराचं नाव घरात काढायचं नाही. नाहीतर लेकराचा जीव तिथंच घुटमळतो आणि पाठीवरचं लेकरू टिकत नाही, असं म्हणतात. काका-काकूंनी हे सगळं पाळलं. पाठीवर कोणी झालंच नाही, ती गोष्ट वेगळी. काही वर्षांनी आमच्या नदीवर वरच्या अंगाला धरण झालं आणि त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. गावाबरोबर तो नालाही गेला.

तेव्हापासून या माणसाला एकच गोष्ट हवी होती. जिथं आपली पोर आहे तिथं खाली कसं असतं, हे त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं. किती थंड असतं, किती खोल असतं. बस. बाकी जगातलं काहीही त्यांना नको होतं, आणि नेमकं तेवढंच सांगणारा माणूस वर्ध्यात मिळत नव्हता.

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातल्याच वडनेरचा. वडिलांचं किराणा दुकान. मी शिकून इंजिनियर झालो आणि वर्ध्याला एका कॉलेजात शिकवायला लागलो, म्हणून ही खोली. खोली दाखवताना काकांनी पहिला प्रश्न विचारला तो जात नाही, पगार नाही, लग्न नाही. म्हणाले, "पोहता येते का?"

म्हटलं, "विहिरीतलं येतं."

"विहिरीच्या तळाले गेलता कधी?"

"गेलो असेन लहानपणी."

"असेन म्हणजे? किती खोल होती?"

मला काय माहीत किती खोल होती. काकांचा चेहरा पडला. पण खोली दिली.

'किती ते सांग' हे त्यांचं पालुपद. हयात पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर गेली होती, त्याची ती खोड. कोणी म्हणालं, काय भयानक ऊन आहे हो, की काका म्हणणार, "किती ते सांग." कोणी म्हणालं, फार दुखतंय, तर "किती?" एकदा समोरच्या बाई त्यांच्या सासूच्या आजारपणाचं सांगत होत्या, डोळ्यांत पाणी बिणी, आणि काका विचारतात, "ताप किती हाय?" बाई उठून गेल्या त्या गेल्याच. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुमच्यापाशी बसाले कोणी येईन तर शप्पथ." काका म्हणाले, "मापाबिगर बोलाचं नाई. वरून पाणी सारखंच दिसते."

आजूबाजूचे लोक त्यांना विनोदी समजायचे. पावसाळ्यात मात्र त्यांचा राग राग करायचे, आणि लोकांचं चुकत नव्हतं. आमच्या भागात कपाशी पेरून बसलेला माणूस ढगाकडं कसा बघतो, हे मी वेगळं सांगायला नको. आणि इकडं आमचे काका अंगणात उभे राहून, हात हलवून, ढगांना हाकलायचे. "जा बाप्पा, तिकडं जा. आर्वीकडं जा. इथं नोको." शेजारी किराणावाले शेठ होते, त्यांची गावाकडं शेती. एका वर्षी पावसानं ऐन वेळी दडी मारली होती. शेठनं कुंपणापलीकडून हे ऐकलं. शांत माणूस, पण त्या दिवशी तडकला.

"ओ साहेब, आमचा कापूस जळून राह्यला, अन् तुमी ढगाले हाकलून राह्यले? कोन्या जन्माचा दावा हाय तुमचा?"

काकांनी हात खाली घेतले. "तुमचा कापूस पुढच्या साली येईन, शेठ," एवढंच म्हणाले आणि आत गेले. शेठ नंतर कित्येक महिने त्यांच्याशी बोलला नाही. मलाही त्या दिवशी काकांचा भयंकर राग आला होता. वडिलांच्या दुकानातला निम्मा माल शेतकऱ्याच्या घरात जातो, पाऊस नाही आला की काय होतं ते मी बघितलेलं होतं. मी जिन्यातून खाली येऊन चांगलं सुनावणार होतो. पण काकू दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "नोको बोलू त्याइले. धरण आटाची वाट पाहून राह्यले ते." एवढं बोलून त्या भाजी निवडायला बसल्या. काय आहे धरणात, असं मी विचारलं, तर जणू ऐकलंच नाही.

ते सांगितलं काकांनीच, पुढच्या उन्हाळ्यात. पाऊस नीट झालाच नव्हता. मे महिन्यात वर्ध्याच्या नळांना कधीतरी पाणी यायचं, लोक भांडी घेऊन पवनारच्या डोहापर्यंत जाऊन यायचे, आणि काका मात्र लग्नघरातल्यासारखे खुशीत. एका सकाळी म्हणाले, "स्कूटर काढ. धरणावर जाऊ."

मी धरण तसं कधी पाहिलं नव्हतं. पाणी पार मध्यभागी गोळा झालेलं, आणि भोवती मैलभर भेगाळलेला गाळ. त्या गाळात घरांची जोती वर आली होती. काका पुढं चालत होते आणि बोट दाखवून सांगत होते. हे पाटलाचं. ही शाळा. हा मारुतीचा ओटा.

"मारुती कुठाय?" मी विचारलं.

"त्याले नेलं नव्या गावात. बँड लावून नेलं, मीच होतो पुढं." मग जरा थांबून म्हणाले, "सारी मोजणी मी केली ना. घरं मोजली, गोठे मोजले, विहिरी मोजल्या. कोणाच्या वावरात किती झाडं, तेही मोजले. लेकराच्या जाग्याची मोजणी करा असा कायदा नाई सरकारचा."

तेव्हा मला पहिल्यांदा सगळं समजलं. भर उन्हात, तापलेल्या गाळावर उभं राहून त्यांनी पोरीचं सांगितलं. रडले वगैरे नाहीत. पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज फाटला. नाल्याकाठी एक पळस होता. त्याच्यापासून दहा-पंधरा पावलांवर ती जागा. मोजणीच्या वेळी काका त्या पळसापाशी साखळी घेऊन उभे होते, तेव्हा जागा त्यांच्या पाठीमागं होती.

"पळस मोजला. बुंध्याचा घेर घेतला. अन् मागं नाई पाह्यलं. पाह्याचं नसते ना. हिनं शपथ घातलती." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्या दिवशी वळलो असतो, त काढून आणलं असतं मी तिले. हातानं उकरलं असतं. माह्या हाती होतं ते, अन् मी पळस मोजत बसलो."

मी आपला पाण्याकडं बघत राहिलो. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं, की पाणी उरलंय ते नाल्याच्याच जागी. नाला तिथंच नदीला मिळायचा, म्हणजे सगळ्यात खोल भाग. सगळं धरण आटलं तरी शेवटचं पाणी तिथंच राहणार. म्हणजे ती जागा कधीच, कुठल्याही दुष्काळात उघडी पडणार नाही. हे मला अर्ध्या तासात कळलं, तर हयात पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाला कळत नव्हतं, असं कसं म्हणू? त्यांना कळत होतं, आणि तरी ते दरवर्षी ढग हाकलत होते.

त्या दिवशी ते कपड्यांसकट पाण्यात गेले. गाळात मांड्यांपर्यंत रुतले. मी ओरडलो, "काका, अहो, काय करताय?" त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि डोकं खाली घातलं. बादलीतली सगळी तालीम त्यासाठीच होती. पण साठी उलटलेला माणूस किती खाली जाणार? वर आले तेव्हा हातात मूठभर चिखल होता आणि ते खोकत होते. मी ओढून काठावर आणलं. म्हणाले, "वर कोमट हाय. पायाले थंड लागलं. लई थंड. खाली अजून किती असन?" परत येताना स्कूटरवर मागं बसून सारखं हेच. त्यांनी माझा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

माझ्या खोलीत केबल होती. त्यानंतर काका कधीमधी वर यायला लागले. पाण्याखाली जाणाऱ्या लोकांचे कार्यक्रम लागायचे, ते बघायला. पाठीवर नळकांडं बांधून गोरे लोक समुद्रात उतरायचे, रंगीबेरंगी मासे दिसायचे, मागं गोड संगीत. काकांचं डोकं फिरायचं. "अबे, मासोळ्या काय दाखवतं? थंडी सांग ना! एकही जण बोलून नाई राह्यला का थंड किती लागते." मी म्हणायचो, काका, त्यांना ऐकू जात नाही. ते म्हणायचे, "तेच त."

ते स्वतः जाऊ शकले असते तर कधीच गेले असते. गोव्याला कुणीतरी शिकवतं असं कळल्यावर त्यांनी तयारीही केली होती. पण छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरनं बादलीसुद्धा बंद केली. त्यानंतर काका एकदम म्हातारे दिसायला लागले. अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि काही विचारायचेही नाहीत. किती ते सांग, हेही थांबलं. ते थांबलं तेव्हा आम्हाला कळलं की त्याच्याशिवाय घरात दुसरा आवाजच नव्हता.

मग मी कॉलेज सोडलं, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये गेलो, आणि कंपनीनं काही महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं. जाण्याआधी निरोप घ्यायला वर्ध्याला आलो. पाया पडलो तर काकांनी खांदा धरून ठेवला.

"तिकडं थंडी लई राह्यते म्हणे."

"हो काका."

"थंड पाण्यात खाली जाणारे लोक असतीन तिकडं. तू जाजो. एकदा जाजो." पहिल्यांदाच ते माझ्याशी विनवणीच्या सुरात बोलत होते. "मासोळ्या पाहू नोको. नीट लक्ष ठेवजो अन् मले येऊन सांगजो."

आता, मी वर्ध्याचा माणूस. सत्तेचाळीस डिग्रीत वाढलेला. इंग्लंडमध्ये आंघोळीचाही मला कंटाळा यायचा. पण गेलो. तिथं दगडाच्या जुन्या खाणी पाण्यानं भरून ठेवलेल्या असतात, आणि हौशी लोक सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन त्यात बुडतात. आधी पोहण्याच्या टाकीत शिकवलं, मग मार्च महिन्यात एका खाणीवर नेलं. काठावर बर्फाळ वारा. आत लोकरीचे कपडे, वरून जाड रबरी सूट, गळ्याशी इतका घट्ट की फासावर चढल्यासारखं वाटावं. डोक्याला टोपरं, हातमोजे, खाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं. शिकवणारा गोरा माणूस भला होता. त्यानं विचारलं, का शिकतोयस? मी म्हटलं, एका म्हाताऱ्यासाठी. त्याला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

पाण्यात तोंड घातलं आणि कपाळावर कुणीतरी वरवंटा हाणला. श्वासच येईना. दोनदा वर आलो. गोऱ्यानं हातानं खूण केली, हळू, हळू. तिसऱ्यांदा गेलो. नाक दाबून कान मोकळे करत करत खाली. वर हिरवट उजेड होता, खाली जाता जाता तो मळका झाला, मग जवळजवळ गेलाच. टॉर्च लावला. तळाशी एक जुना ट्रक बुडवून ठेवला होता, बघायला मजा म्हणून. मी त्याच्यावरून हात फिरवला तर सगळा गाळ उठला. तेवढ्यात माझ्या पायानं आणखी उठवला, आणि पुढचं सगळं दिसेनासं झालं. गोऱ्याचा हात माझ्या दंडावर होता म्हणून मी ओरडलो नाही. तसाही पाण्यात ओरडणार काय? मला त्या वेळी काका आठवले, आणि त्यांची पोरही आठवली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिथं काहीसुद्धा चांगलं नव्हतं. जे बघितलं ते या माणसाला कसं सांगायचं, हा विचार करतच मी वर आलो.

भारतात परतल्यावर पहिल्यांदा वर्धा गाठलं. दुपारची वेळ. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. काकूंनी पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. काकांनी कसा आहेस असंही विचारलं नाही.

"गेलता?"

"गेलतो."

"किती थंड होतं?"

"सहा डिग्री."

त्यांनी डोळे मिटले आणि तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हटला. मी घाईघाईनं म्हटलं, "पण काका, ते विलायतेतलं. आपल्या धरणात एवढं नसतं. आणि खरं सांगू का, सुटात तेवढं लागतही नाही."

"सुटाचं नोको सांगू. बिनासुटाचं सांग. जे उघडं होतं ते सांग."

उघडे होते ते गाल आणि ओठ. मी सांगितलं. पहिल्यांदा चटका बसल्यासारखं होतं, मग दुखतं, दात काढताना दुखतं तसं. मग सुन्न होतं.

"सुन्न झाल्यावर?"

"मग काही कळत नाही, काका. ओठ आहेत की नाहीत, तेही कळत नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही."

काका मान हलवत राहिले. मला वाटलं, चला, एवढं तरी या माणसाला बरं वाटेल असं आपल्या तोंडून निघालं. तेवढ्यात बघितलं तर काकू दारात. हातात चहाचे कप तसेच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एवढ्या वर्षांत पोरीबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नव्हता. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "अन् अंधार राह्यते का रे खाली?"

मी तोंड उघडण्याआधी काका बोलले. "उजेड राह्यते. हिरवा उजेड. आताच सांगितलं ना यानं." आणि माझ्याकडं बघितलं. मापाबिगर बोलाचं नाई म्हणणारा तो माणूस.

"हो का?" काकूंनी मला विचारलं.

"हो, काकू," मी म्हटलं. "हिरवा असतो."

"मंग बरं," काकू म्हणाल्या. कप स्टुलावर ठेवले, पदरानं डोळे टिपले आणि आत गेल्या.

काका उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले, दार हळूच लोटलं आणि परत येऊन बसले. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "टॉर्च असन ना तुह्यापाशी?"

"होता."

"इझवून पाह्यला?"

मी कपाकडं हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणून सांगावं लागलं. हो, विझवला होता. गाळ उठल्यावर, गोऱ्यानं जागचं हलू नको म्हणून खूण केल्यावर, मी मुद्दाम विझवला होता, कारण हे विचारतील हे मला ठाऊक होतं.

"मंग?"

"माझाच हात मला दिसला नाही, काका. डोळ्यासमोर धरला तरी."

त्यांनी मनगट सोडलं. चहावर साय धरली होती.

"हिले नोको सांगू," ते म्हणाले.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग काकूंचा आवाज आला. इतका मोकळा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता.

"कंदील इझवू नाई द्याची, आठवते का हो? उशाशी ठेवा लागे तिच्या. अंधाराले लई भ्याची, नाई?"

काकांनी घसा साफ केला. लोटलेल्या दाराकडं तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हो ना. लई भ्याची."